एक आडनांव, अनेक एल्फिन्स्टन

एल्फिन्स्टन हें नांव उच्चारतांच महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें एकच व्यक्ति उभी राहते. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट असलेला व १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झालेला मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हीच ती व्यक्ति होय. मुंबईंत ज्या ज्या स्थळास हें नांव लागलें, तें तें त्याचेंच स्मारक, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वास्तविक हें एका मनुष्याचें नांव नसून स्कॉटलंडांतील एका विस्तृत घराण्याचें आडनांव आहे. हें ध्यानांत न घेतल्यास कीर्ति एकाची आणि पाटी दुसऱ्याची, असा घोटाळा होतो.

आपल्याकडे चिपळूणवरून चिपळूणकर व्हावें, तसाच हा प्रकार आहे. पूर्व लोदियन परगण्यांत ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नांवाचें गांव आहे. तेथील जमिनीवरून या घराण्यास आडनांव मिळालें. घराण्याचा पहिला लॉर्ड १५१३ सालीं फ्लॉडनच्या रणांत पडला. त्याच काळीं याच आडनांवाचा बिशप विल्यम यानें १४९५ मध्यें ॲबर्डीन येथें विद्यापीठ स्थापिलें व स्कॉटलंडांत छापण्याची कला आणण्यास हातभार लावला. पुढें आर्थर एल्फिन्स्टन, लॉर्ड बॅल्मेरिनो, हा स्टुअर्ट राजवंशाचा पक्ष घेतल्याबद्दल १७४६ मध्यें लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेदास सामोरा गेला. तर लॉर्ड कीथ ही पदवी पावलेल्या जॉर्ज एल्फिन्स्टनानें त्याच इंग्रजी तक्ताची आरमारी सेवा केली, आणि सेंट हेलेनास रवानगी होणार हा निर्णय नेपोलियनला कळविण्याचें काम १८१५ सालीं त्याच्याकडे आलें. आडनांव एक, परंतु एकाच्या नशिबीं फरशी आणि दुसऱ्याच्या नशिबीं सरदारकी!

हिंदुस्थानांत तर हा विरोध अधिकच बोधप्रद झाला. मौंटस्टुअर्ट हा १८०९ मध्यें पेशावर येथें शहा शुजास भेटला. काबूल त्यानें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, तरी १८१५ मध्यें त्या राज्याचा वृत्तांत लिहून विद्वन्मान्यता मिळविली. त्याच शहा शुजाला १८३९ मध्यें इंग्रजांनीं पुनः गादीवर बसविलें, आणि तेथील फौजेचें आधिपत्य अखेर मौंटस्टुअर्टचाच चुलतभाऊ जनरल विल्यम एल्फिन्स्टन याजकडे आलें. जानेवारी १८४२ मध्यें काबुलाहून परततांना ती सारी फौज बाजारबुणग्यांसह नाश पावली, व जनरल त्याच वर्षीं कैदेंत वारला. एका भावानें तो देश पुस्तकांत उतरविला. दुसऱ्यानें तेथें सैन्य घालविलें.

आतां मुंबईकडे वळूं. मौंटस्टुअर्ट परत जाण्यास निघाला तेव्हां, १८२७ सालीं, एतद्देशीयांनीं वर्गणी जमविली. तींतूनच एल्फिन्स्टन विद्यालयाचा उगम झाला. दादाभाई, रानडे, भांडारकर व आंबेडकर यांच्या विद्यार्जनाशीं निगडित असलेलें हें स्मारक निःसंशय त्याचेंच. परंतु एल्फिन्स्टन सर्कल व एल्फिन्स्टन रोड हीं नांवें त्याच्या पुतण्याचीं, म्हणजे १८५३ ते १८६० पर्यंत गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनाचीं! काका व पुतण्या एकाच शहराचे गव्हर्नर झाल्यामुळें लोकांनीं दोघांचा मिळून एक पुरुष बनविला.

पुढें नांव माणसांपासून सुटून व्यापारांत शिरलें. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीनें पूर्व किनाऱ्यावर समुद्र हटवून जमीन काढली. एल्फिन्स्टन नांवाची कापडगिरणी निघाली. पारशी रंगभूमीवर एल्फिन्स्टन नाटक मंडळी उभी राहिली. ती मंडळी जमशेटजी मादन यांच्या हातीं आली, आणि १९०७ मध्यें त्यांनीं कलकत्त्यास एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हें चित्रपटगृह उघडलें. तेथें तिकीट काढणाऱ्यास कोणत्याच गव्हर्नराची आठवण होत नसावी. आमच्या सह्याद्रींतील एका रानपारव्याच्या शास्त्रीय नांवांतही ‘एल्फिन्स्टोनी’ हें पद आहे. तें मात्र मौंटस्टुअर्टवरून दिलेलें.

स्वातंत्र्यानंतर सर्कलला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांचें नांव मिळालें, आणि २०१८ मध्यें रेल्वेस्थानक प्रभादेवी झालें. यांत हळहळण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. आपल्या भूमीवरील पाट्या आपण लिहाव्या, हा स्वतंत्र लोकांचा हक्कच आहे. मात्र पाटी उतरवितांना ती कोणाची होती हें ठाऊक असावें. पुतण्याची पाटी काढून काकाच्या पेशवाईबुडव्या कृत्याचा सूड घेतला असें मानणें, अथवा ती गेल्यामुळें विद्याप्रसारकाचा अपमान झाला असें म्हणून रडणें, हीं दोन्ही अज्ञानाचीं लक्षणें होत.

या घराण्याच्या मूळ गांवीं जो दगडी बुरूज होता, तो खालच्या कोळशाच्या खाणींमुळें भेगाळला व १९५५ मध्यें बहुतांशीं पाडावा लागला. खुद्द जन्मभूमींतही नांवाचा आधार असा खचतो. म्हणून नांवें राहोत वा जावोत. ज्याचें त्याचें बरेंवाईट ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणें एवढें तरी इतिहासाच्या अभ्यासकानें सोडूं नये.