यादीतून नावे वगळताना : एका रिकाम्या रकान्याचा प्रताप

घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील तालुक्यात कर्जमाफीची यादी लागली, की शेतकरी प्रथम आपले नाव शोधतो. अशी यादी संगणकावर तयार करताना कर्जदार कोण, याबरोबरच त्यांतून वगळायचे कोण, हेही ठरवावे लागते. राज्य शासनाने जून २०१७ मध्ये जाहीर केलेल्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीत, तसेच डिसेंबर २०१९ मधील दोन लाखांपर्यंतच्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत शेतीबाह्य उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारे अपात्र होते. म्हणजे एका तक्त्यातील ज्या ओळी दुसऱ्या तक्त्यात आढळतील, त्या गाळावयाच्या.

माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या ‘एसक्यूएल’ या भाषेत यासाठी अनेक मार्ग आहेत. सर्वांत सोपा वाटणारा ‘नॉट इन’. कर्जदारांपैकी ज्यांचा आधार क्रमांक करदात्यांच्या यादीत नाही, ते दाखव, इतकेच त्यात सांगावयाचे. घात होतो तो येथेच. वगळावयाच्या यादीत एका जरी ओळीत आधारचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ असला, तर उत्तरात एकही शेतकरी येत नाही!

कारण तर्कशुद्ध आहे. या भाषेत ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे, तर ‘अज्ञात’. शेतकऱ्याचा क्रमांक त्या अज्ञात क्रमांकाहून वेगळा आहे काय, याचे उत्तर ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, तेही अज्ञातच. आणि जिचे उत्तर निश्चित ‘होय’ आहे, तीच ओळ संगणक दाखवितो. विशेष म्हणजे चूक झाल्याची कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही. यादी पूर्ण कोरी आली, तर निदान शंका तरी येते. पण हीच आज्ञा मोठ्या प्रक्रियेच्या पोटात दडलेली असेल, तर दोष शोधण्यात दिवस जातात.

म्हणून जाणकार ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरतात. जुळणारी ओळ अस्तित्वात आहे काय, एवढेच ते तपासते. ‘लेफ्ट जॉइन’ने दोन्ही तक्ते जोडून, ज्यांना जोडी मिळाली नाही त्या ओळी निवडल्या तरी तेच साधते. ‘एक्सेप्ट’ हा तिसरा मार्ग (ओरॅकलमध्ये पूर्वापार ‘मायनस’, मायएसक्यूएलमध्ये तो २०२२ साली आला) मात्र एकसारख्या ओळींची एकच ओळ करतो. केवळ आधार क्रमांक निवडल्यास दोन कर्जखाती असलेला शेतकरी एकदाच दिसेल.

तथापि, ‘नॉट एक्झिस्ट्स’ही निर्दोष नाही. ज्या करदात्याचा आधार क्रमांक नोंदलेलाच नाही, तो कोणाशीही जुळत नाही आणि पात्र यादीत सुखेनैव राहतो. प्राप्तिकराची नोंद मुळात पॅनवर असते, तेव्हा ही शक्यता दुर्मीळ म्हणता येणार नाही. नावावरून जुळवावे, तर एका गावात एकाच नावाचे दोघे निघतात आणि भलताच शेतकरी वगळला जातो. रिकाम्या रकान्यांच्या ओळी आधीच बाजूला काढून त्यांची पडताळणी तलाठी वा बँकेकडून करून घेणे, हाच त्यावर खात्रीचा उपाय होय.