बैठकीवरचा आरोप

गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. आजोबा कुळकर्णी होते. त्यांच्या मोडी कागदांचे दोन रुमाल मी देवनागरीत उतरवायला घेतले होते, आणि त्यासाठी शाळा सुटल्यावर रोज तीन-तीन तास मांडी घालून बसत होतो. डॉक्टर म्हणाले, "सर, हे बसणं बंद करा." घरातून लगेच अंमलबजावणी झाली. रुमाल माळ्यावर गेले.

पण आजोबांनी तर एक गुडघा उभा करून, त्यावर कागद धरून जन्मभर लिहिले. त्यांची कंबर दुखत नव्हती, की ते बोलले नाहीत? जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस मी. आरोप आला की पुरावा मागायची सवय.

आरोप मात्र जुना. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. एक पाय दुमडून शिवत बसणाऱ्या शिंप्यांच्या मांड्यांना मुंग्या येतात, त्यांना सायटिका जडते, असे त्याने नोंदवले. १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर वेगळे प्रकरण घालून सतत बसणे हे त्यांच्या दुखण्यांचे एक कारण म्हणून सांगितले. आमच्या कुळकर्ण्यांना त्याने पाहिले असते तर आणखी एक प्रकरण वाढले असते!

पुढे आरोपाला मोजमापाचा आधार मिळाला. स्वीडनचे आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा टेकू न घेता बसण्यात तो सुमारे ४० टक्के जास्त भरला. डॉक्टरांच्या सल्ल्यामागे आजही बहुधा हाच आकडा असतो.

परंतु १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा दाब मोजला, तेव्हा सैल बसण्यातला दाब उभे राहण्याहून जास्त आढळला नाही. त्यांनी एकाच माणसावर मोजले होते, हेही सांगायला हवे. शिवाय दाब म्हणजे दुखणे नव्हे. म्हणून मला जास्त वजनदार वाटते ते पुढचे काम : अनेक अभ्यास एकत्र तपासणारे २००७ आणि २०१० चे आढावे. नुसत्या बसण्याने कंबरदुखी होते, असा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र बसण्याला वाकडी ठेवण आणि गाडीचे हादरे यांची जोड मिळाली, की धोका वाढलेला दिसला. खड्ड्यांतून दिवसभर एस.टी. हाकणाऱ्या ड्रायव्हरची तक्रार म्हणूनच कारकुनाच्या तक्रारीहून निराळी मानली पाहिजे.

याचा अर्थ तासन् तास ठोकळ्यासारखे बसावे असा नाही. ज्याची कंबर आधीच दुखते त्याला लांब बैठक सोसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण दुखणे वाढवणे वेगळे आणि निर्माण करणे वेगळे. वर्गात आम्ही निमित्त आणि कारण यांतला फरक शिकवतो, तोच हा. (पायातला जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र इतिहास चाळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.)

डॉक्टरांपुढे हे सगळे मांडले. ते हसले आणि "मग मध्ये मध्ये उठत तरी जा," म्हणाले.

दसऱ्याला रुमाल खाली काढले. आता जुन्या टेबलावर लिहितो, अर्ध्या तासाने उठून अंगणात दोन फेऱ्या मारतो. पहिला रुमाल संपत आला आहे. आजोबांच्या कंबरेविषयी त्यात अद्याप एक ओळही सापडलेली नाही.