साहस शिबिर, सुटीतील

शाळेच्या सुटीत मुलामुलींसाठी भरणारे निवासी किंवा दिवसभराचे मैदानी शिबिर. पदभ्रमण, प्रस्तरारोहण, दोरगाठी, दिशाज्ञान, तंबू उभारणे हे त्यातील मुख्य भाग. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर घेतले. बालवीर चळवळीचा उगम तिथला. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना 1950 मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात अशी शिबिरे सह्याद्रीभोवती एकवटली आहेत. मराठवाड्यातील मुलांना त्यासाठी दूर जावे लागते, हे खटकते. धाराशिव जिल्ह्यातील कळंबच्या परिसराकडेही या दृष्टीने पाहायला हवे: शहर मांजरा नदीकाठी वसले आहे, तर दक्षिणेला बालाघाटाच्या रांगेत येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आहे. तेथील पानझडी जंगल, मोर आणि पावसाळ्यात वाहणारा रामलिंगाचा धबधबा निसर्गवाचनासाठी उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून येथे दिवाळीची सुटीच अधिक योग्य. अभयारण्यात वनविभागाचे नियम लागू होतात.

राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना नोंदणी आवश्यक आहे. प्रशिक्षकांची पात्रता, प्रथमोपचार आणि विमा यांची खात्री केल्याशिवाय पालकांनी मुलांना पाठवू नये.