मंगोलियातल्या भटक्या पशुपालकांकडे जायचंय? मग सहलीचं नियोजन असं करा

मंगोलिया क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या जवळपास पाचपट आहे, पण लोकसंख्या जेमतेम ३५ लाख. त्यातले सुमारे निम्मे लोक राजधानी उलानबातरमध्ये राहतात. बाकीच्या अफाट माळरानावर अनेक कुटुंबं आजही घोडे, उंट, गाई-याक, मेंढ्या आणि बकऱ्या घेऊन ऋतूनुसार मुक्काम बदलतात. त्यामुळे इथली सहल आखताना आधी त्यांचं वेळापत्रक पाहावं लागतं.

कधी जावं?

जून ते सप्टेंबर हा सर्वांत सोयीचा काळ. ११ ते १३ जुलैदरम्यान कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यतींचा 'नादाम' उत्सव असतो. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. वसंतात पिल्लं जन्मतात, बकऱ्यांची कश्मिरी लोकर विंचरून काढली जाते. पशुपालकांना तेव्हा पाहुण्यांसाठी सवड नसते आणि धुळीची वादळंही येतात.

कुठे जावं?

दहा दिवसांत सगळा देश पाहण्याचा हट्ट नको. रस्ते अनेकदा कच्चे असतात, तर काही ठिकाणी फक्त चाकोऱ्या. त्यामुळे दक्षिणेचं गोबी वाळवंट, मध्य भागातलं ओरखोन खोरं किंवा उत्तरेचं खोव्सगोल सरोवर यांपैकी एक-दोनच भाग निवडा. खोव्सगोलच्या पलीकडे रेनडिअर पाळणारे त्सातान लोक राहतात. त्यांच्यापर्यंत शेवटचा टप्पा घोड्यावरून गाठावा लागतो आणि सीमाभाग असल्यानं वेगळा परवाना लागतो.

आयोजकाला काय विचारावं?

पर्यटकांसाठी उभारलेला 'गेर' तंबूंचा कॅम्प आणि पशुपालक कुटुंबाचं घर, यात मोठा फरक आहे. मुक्काम नेमका कुठे, कुटुंबाला किती पैसे मिळणार, दुभाषी सोबत असेल का, हे आधीच विचारा. कुटुंब चाऱ्याच्या शोधात पुढे सरकलं तर पर्याय काय, हेही विचारून ठेवा. एक-दोन दिवस मोकळे ठेवलेले बरे.

पैशांचा प्रश्न इथे किरकोळ नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात चारा बर्फाखाली जातो आणि जनावरं मरतात. या संकटाला 'झुड' म्हणतात. २०२३-२४च्या झुडमध्ये ७० लाखांहून अधिक जनावरं दगावली. अनेक घरांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. अशा घरांना पाहुण्यांकडून थेट मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार होऊ शकतो.

जेवणाचं काय?

मांस आणि दुधाचे पदार्थ हाच मुख्य आहार. चहा खारट आणि दूध घातलेला असतो. उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचं आंबवलेलं 'आयराग' पुढे येतं. शाकाहारी असाल तर आयोजकाला आधीच सांगा. मेतकूट, चटण्या, खाकरे सोबत ठेवलेले उपयोगी पडतात.

घरात शिरताना

गेरच्या उंबऱ्यावर पाय देऊ नये, चुलीत कचरा टाकू नये. दिलेली वस्तू उजव्या हातानं किंवा दोन्ही हातांनी घ्यावी. आयराग नको असेल तरी वाटी ओठांना लावून परत द्यावी. फोटो विचारूनच काढावा.

निघण्यापूर्वी

व्हिसाचे नियम बदलत असतात, ते मंगोलियाच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर तपासा. प्रवास विमा, नेहमीची औषधं आणि उन्हाळ्यातही गरम कपडे हवेतच. राजधानीबाहेर पडण्याआधी स्थानिक चलन, म्हणजे तुग्रिक, रोख काढून ठेवा. माळरानावर एटीएम नाही आणि मोबाइलची रेंजही भरवशाची नाही.