साखरेची नोंदवही

सरकारी दप्तरात वीस वर्षे काढलेल्या माणसाला जुन्या नोंदवह्यांविषयी ममत्व वाटू लागते. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन रुग्णालयातील वह्यांची हकीकत मला म्हणूनच विशेष मोलाची वाटते. १९३४ पासून तेथील परिचारिका नवजात बालकांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर टिपून ठेवीत. पुढे १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५०६ स्त्री-पुरुषांना संशोधकांनी हुडकून तपासले. पाश्चात्त्य देशांत जन्मतः हलक्या असलेल्यांना मधुमेह अधिक होतो असे दिसले होते. म्हैसूरचा १९९८ सालचा निष्कर्ष निराळा निघाला. जन्मतः लांबीच्या मानाने वजनदार असलेल्यांत आणि वजनदार मातांच्या अपत्यांत तेथे हा रोग अधिक आढळला. साध्या नोंदींनी रूढ समजुतीला दिलेला हा धक्काच होता.

मधुमेहावरील पथ्य फार प्राचीन आहे. चरकसंहितेने रोग्याला जवाचा आहार सांगितला. सुश्रुतसंहितेने तर निर्धन रोग्याला अनवाणी शंभर योजने चालण्यास आणि धनवान रोग्याला श्यामाक-नीवारासारख्या रानधान्यांवर राहण्यास सांगितले. परंतु पथ्य लागू पडते की नाही, हे ठरविण्याचे माप कोठे होते? मूत्राला मुंग्या लागणे हीच काय ती खूण.

हे माप हळूहळू हाती आले. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रोग्याच्या मूत्रात साखर असल्याचे दाखविले. पुढे पॅरिसच्या बुशार्दाने पाहिले की, १८७०-७१ च्या वेढ्यात शहराची उपासमार झाली तेव्हा मधुमेह्यांच्या मूत्रातील साखर घटली. रोग्याने आपले मूत्र रोज स्वतः तपासावे, हा त्याचा आग्रह होता. पथ्य आणि परीक्षा यांची गाठ त्याने रोग्याच्या घरातच घातली.

विसाव्या शतकात बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. मूत्राचे थेंब घालून ते उकळले की, साखरेच्या प्रमाणात ते हिरवे, पिवळे, अखेर विटकरी होई. पण ही साक्ष उशिराची. रक्तातील साखर साधारण १८० च्या पुढे गेल्यावाचून ती मूत्रात उतरत नाही. आणि साखर धोकादायक उतरली तर मूत्र काहीच सांगत नाही. १९२२ मध्ये इन्सुलिनचा उपचार सुरू झाल्यावर हा दुसरा धोका प्रत्यक्ष उभा राहिला. रक्तच पाहणे भाग होते. १९६० नंतरच्या दशकात रक्तासाठी पट्ट्या निघाल्या, मग यंत्र आले. पण ते डॉक्टरांनाच विकत. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अभियंत्याने १९६९ मध्ये ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने मिळविले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःची परीक्षा आरंभिली.

आज ते यंत्र माझ्या टेबलावर आहे. म्हैसुरास बदली झाली त्याच वर्षी माझ्या मधुमेहाचे निदान झाले. शेजारच्या अज्जी म्हणाल्या, "रागीचे मुद्दे खा, साखर वाढतच नाही." रागी म्हणजे आपली नाचणी. मी निर्धास्तपणे दोन मोठे गोळे खाल्ले. दोन तासांनी बोट टोचले, तो आकडा २१४! चार दिवसांनी एकच लहान गोळा, सोबत कुळथाचे सार आणि भरपूर पालेभाजी घेतली, आकडा १५६. धान्य तेच, फरक प्रमाणाचा आणि सोबतीचा. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीनेही माझी अशीच फजिती केली. उपवास घडला, पण साखर वाढली.

घरच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेशी तंतोतंत जुळतोच असे नाही, आणि त्यावरून औषधाची मात्रा आपल्याच मनाने बदलणे घातक होय. माझी वही पाहून डॉक्टरांनी ती बदलली, मी नव्हे. परंतु काय खाल्ले, किती खाल्ले आणि पुढे काय झाले, हे मात्र माझ्यावाचून कोणी लिहू शकत नव्हते.

माझ्या दोन्ही मुलांची जन्मवजने मी परवाच त्या वहीच्या पहिल्या पानावर उतरविली. ती पुढे कोणाच्या उपयोगी पडतील, हे आज सांगता येत नाही. म्हैसूरच्या त्या परिचारिकांनाही ते ठाऊक नव्हते.