सरस, कुरुंद आणि यंत्र : पॉलिश पेपरचा इतिहास

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर आयटी कंपन्यांपाठोपाठ उंच इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर कपाटांची, ओट्याखालच्या खणांची कामे आली. अशा एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चालू असताना तुम्ही गेलात, तर रंध्यापेक्षा सँडरची घरघर जास्त ऐकू येईल. सँडरला लावलेला कागद थोड्याच वेळात बोथट झाला, की सुतार म्हणतो, "पेपर हलका निघाला." हलका म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी आपण या कागदाचा इतिहास पाहूया.

पॉलिश पेपरचे तीन भाग असतात : घासणारा दाणा, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि मागचा कागद किंवा कापड. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया आणि वाळू नैसर्गिक डिंकाने चर्मपत्रावर चिकटवत. 1833 मध्ये लंडनच्या जॉन ओकी यांनी काचेचा चुरा लावलेल्या कागदाचे उत्पादन सुरू केले. 'काचपेपर' हे आपल्याकडचे नाव अशाच कागदाची आठवण देते. हा चुरा चिकटवायला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. हाताने घासताना सरस पुरेसा होता.

यंत्र आले आणि अडचण सुरू झाली. वेगाने घासले की उष्णता निर्माण होते. सुतार सरस पातळ करतो तो सुमारे 60 अंश सेल्सियसला. म्हणजे उष्णता हीच सरसाची कमजोरी. पकड सैल झाली की दाणे बोथट होण्याआधीच गळतात. यावर उपाय सापडला रसायनशास्त्रात. 1907 मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून उष्णतेने न वितळणारे रेझिन तयार केले. पुढच्या काही दशकांत अशी रेझिने पॉलिश पेपरमध्ये सरसाची जागा घेऊ लागली.

दाणाही बदलला. कुरुंदाचा दगड आपल्याकडे धार लावायला पूर्वापार वापरात आहे. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही दक्षिण भारतातूनच गेला. कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून तोच पदार्थ कारखान्यात बनू लागला. त्याआधी 1891 मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन यांना सिलिकॉन कार्बाइड मिळाले होते. भारतात घासण्याच्या साहित्याचा कारखाना 1941 मध्ये उरणजवळ मोरा येथे ग्राइंडवेल या नावाने सुरू झाला. 1954 मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनी स्थापन झाली. ग्राइंडवेल नॉर्टनचा एक कारखाना पुढे बेंगळुरूतही, ओल्ड मद्रास रोडच्या परिसरात, उभा राहिला.

आता सुताराच्या तक्रारीकडे परत येऊ. यंत्रासाठी कागद घेताना पुढील गोष्टी पाहा.

1. चिकट पदार्थ रेझिनचाच हवा.

2. लाकडासाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा चांगला. तो झिजताना तुटतो आणि नवी धार उघडी पडते.

3. दाणे विरळ लावलेले असले, की भुशाला जागा मिळते आणि कागद लवकर बुजत नाही. रंग किंवा सीलर घासायचा असेल, तर स्टिअरेटचा पांढरट थर असलेला कागद घ्या.

4. कागदाची भोके सँडरच्या भोकांशी जुळवा, म्हणजे धूळ ओढली जाते.

5. भरीव लाकडावर पी 80, मग पी 120, मग पी 180 असे जा. पण सागाचा व्हीनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. त्यावर पी 80 लावला, तर खालचा प्लायवूड उघडा पडेल. तिथे पी 180 पासून सुरुवात करा.

आणि यंत्रावर दाब देऊ नका. दाबाने उष्णता वाढते, कागद बुजतो आणि लाकडावर गोल ओरखडे उठतात. बोथट कागद वाचवण्यात बचत नाही. तो लाकूड कापत नाही, नुसते चकचकीत करतो. मग पॉलिश नीट मुरत नाही आणि काम पुन्हा करावे लागते.

एक गोष्ट मात्र कागद कितीही चांगला असला तरी टळत नाही : धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली. रंध्याची ढलपी पायाशी पडत असे. सँडरची बारीक धूळ हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. कागद, रेझिन आणि दाणा यंत्राच्या वेगासाठी बदलले, सुताराची फुप्फुसे मात्र तीच राहिली. म्हणून कागदाच्या हिशेबात धूळ ओढणारी नळी आणि चांगला मास्क यांचाही खर्च धरा.