चातुर्मासाची छावणी

छावणी हा शब्द उच्चारताच आज आपल्या डोळ्यांपुढे सैन्याच्या बराकी आणि कवायतीची मैदाने उभी राहतात. परंतु छावणे, म्हणजे छप्पर घालणे, या क्रियापदाशी नाते सांगणाऱ्या या शब्दाचा मराठेशाहीच्या दप्तरातील अर्थ अधिक नेमका होता. मृग लागण्यापूर्वी मोहीम आवरून, नद्यांना उतार मिळेपर्यंत, म्हणजे बहुधा दसऱ्याचे सीमोल्लंघन होईपर्यंत, फौजेने एखाद्या सोयीच्या मुलखात छपराखाली काढलेला मुक्काम, तो छावणी. थंड हवेच्या देशांत जुन्या मोटारी प्राणपणाने जपणारे लोक पहिले हिम पडण्याच्या आत आपले वाहन कोठारात ठेवतात आणि वसंत ऋतू आल्यावाचून ते बाहेर काढीत नाहीत, असे वाचनात आले, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती या शब्दाची; कारण वाहनाला ऋतुमानाप्रमाणे विश्रांती देण्याची ही रीत आपल्या कोकणपट्टीस मुळीच नवी नाही, फक्त आपल्याकडे तिचा ऋतू हिवाळा नसून पावसाळा आहे.

या रीतीचा माग घ्यावयाचा तर विरारच्या पश्चिमेस, आगाशी आणि अर्नाळ्याच्या शेजारी वसलेल्या नंदाखालसारखे दुसरे सोयीचे गाव क्वचितच सापडेल. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला, 1573 मध्ये नंदाखालास पवित्र आत्म्याच्या नावे चर्च उभे राहिले, आणि 1739 च्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला असता, चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला खाली झाला. परंतु राज्ये पालटली तरी येथील दिनक्रमावर खरी सत्ता चालली ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याची. एका बाजूस समुद्र, मध्ये मिठागरे आणि खाजणे, आतल्या अंगास केळी-पानवेलींच्या वाड्या व त्यांना पाणी पुरविणारी बावखले, अशी ही भूमी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे धो धो पाऊस कोसळतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांतही समुद्रावरून येणारी हवा मिठाचा सूक्ष्म अंश घेऊन घराघरांत शिरते. म्हणून आगोटीची तजवीज ही येथे केवळ धान्य, सरपण आणि सुकी मासळी यांची बेगमी नव्हती. जे जे चालते, फिरते आणि तरते, त्या सर्वांस वेळीच कोरड्या जागी नेऊन ठेवणे, हाही आगोटीचाच भाग होता.

या छावणीचा पहिला मान होडीचा. सोळाव्या शतकात आगाशी हे लाकडाच्या व्यापाराबद्दल आणि जहाजबांधणीबद्दल नावाजलेले बंदर होते, आणि अर्नाळ्याचा कोळीवाडा आजही समुद्रावर जगतो. खवळलेल्या समुद्रात होडी लोटता येत नाही हे तर उघडच आहे; परंतु ती किनाऱ्याशी पाण्यात तशीच नांगरूनही ठेवता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा तिच्या तळाला सतत लागलेला असतो आणि लाकूड पुरते वाळल्यावाचून तो मरत नाही. म्हणून मोठ्या उधाणाची भरती साधून होडी ओंडक्यांवरून वर ओढावी, तळ खरवडावा, सांधे भरावे, माशाच्या तेलाचा हात फिरवावा, आणि मग माडाच्या झापांनी तिला अशी शाकारावी की वरून थेंब न गळता दोन्ही टोकांकडून वारा आरपार वाहत राहील, असा हा क्रम होता. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर जे प्रकरण आहे, त्यात पर्जन्यकाळापूर्वी आरमाराची छावणी सुरक्षित बंदरी करण्याविषयी स्पष्ट विवेचन आहे. कोळीवाड्यातील एका होडीची चिंता आणि राज्याच्या आरमाराची चिंता या ठिकाणी एकरूप झालेली दिसते. आज 1 जून ते 31 जुलै या काळात सरकारी हुकमाने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि तिचे कारण माशांच्या विणीचे रक्षण असे सांगितले जाते. परंतु हुकूम नव्हता तेव्हाही नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला पाठ दाखविण्याचा संयम येथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात होता.

दुसरा मान बैलगाडीचा. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडीची उपनगरी फेरी सुरू झाली, आणि वसईच्या वाड्यांतील केळी, भाजी व विड्याची पाने यांस मुंबईचा बाजार जवळ आला. तथापि वाडीपासून स्थानकापर्यंतचा मार्ग बैलगाडीचाच राहिला. पावसाळ्यात या गाडीवाटांचा चिखल होई आणि बैल नांगराला व चिखलणीला जुंपले जात, तेव्हा बैलाला विसावा नसला तरी गाडीला तो सक्तीनेच मिळे. एकदा भिजून फुगलेले आणि एकदा वाळून आकसलेले लाकूड, असा खेळ चालू राहिला की चाकाचे आरे सांध्यांतून हलू लागतात आणि लोखंडी धाव सैल होते, हे गाडीवानास ठाऊक होते. म्हणून गाडी छपराखाली घेऊन, कण्याला वंगण भरून, चाके ओल्या मातीवर न टेकतील अशी दगडांवर चढविली म्हणजे चार महिन्यांची काळजी मिटे.

मोटार आली ती या दोघांच्या मागून. शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट 1100 पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या रस्त्यांची ओळख होऊन बसली. 2023 च्या ऑक्टोबरात पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघाली, तेव्हा काल-परवापर्यंत रोजच्या व्यवहारात असलेले हे यंत्र एका दिवसात इतिहासजमा झाले, आणि ज्यांच्या घरी अशी गाडी उरली आहे त्यांच्यावर ती जपण्याची जबाबदारी येऊन पडली.

ही जबाबदारी कशी पार पाडावी याचे शास्त्र पाहू गेल्यास, त्यात होडीची आणि गाडीचीच छावणी पुन्हा भेटते. परदेशात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात आणि तेच मीठ मोटारीचा पत्रा खाते. नंदाखालास हे मीठ कोणी पसरावे लागत नाही, वाराच ते आणून देतो. म्हणून होडीच्या तळाप्रमाणे मोटारीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवावी. इंजिनातील वापरलेल्या तेलात आम्ल साठलेले असते, ते चार महिने आतील भागांना खात राहू नये म्हणून नवे तेल भरावे. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरावी, कारण रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन लोखंडास गंज चढतो. चाके ठोकळ्यांवर उचलावी, नाहीतर एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात. हॅन्डब्रेक सोडून ठेवावा, नाहीतर ब्रेक चिकटून बसतात. बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करावी. आणि आच्छादन घालावयाचे ते सुती कापडाचे, कारण प्लॅस्टिकखाली कोंडलेली वाफ पावसाहून अधिक नाश करते. मधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालवून पाहण्याचा मोहही आवरावा, कारण तेवढ्या अवधीत सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ज्वलनातून निघालेले पाणी त्यातच साचून राहते. उघडीप मिळेल त्या दिवशी दारे-काचा उघडून वारा मात्र अवश्य द्यावा. मिठापासून मुक्त, भुईपासून उंच, आणि वारा खेळेल अशा छपराखाली: लाकडाच्या दोन वाहनांकडून लोखंडाच्या तिसऱ्याकडे हा वारसा जसाच्या तसा आला आहे.

या वारशातील सर्वांत दुर्मीळ होत चाललेली वस्तू म्हणजे छप्पर आणि त्याखालची कोरडी जागा. जुन्या घरांना ओटी होती, पडवी होती, अंगणाच्या कडेला गवत आणि अवजारे ठेवण्याची शाकारलेली जागा होती. विकल्या गेलेल्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत माणसाला खोल्या मिळतात, पण वर्षातून आठच महिने लागणाऱ्या वस्तूला उरलेले चार महिने ठेवावे कोठे, याचा विचार नकाशा आखणारा करीत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांस वारसा म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊ केली, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. परंतु नोंदणीने वाहनास क्रमांक मिळतो, आसरा मिळत नाही. याच नंदाखालात 1942 साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, तो झाडांचा आणि पाण्याचा लढा म्हणून आपण ओळखतो; मला तो विसाव्याच्या जागेचाही वाटतो, कारण जी भूमी पावसाचे पाणी मुरावयास बावखल राखून ठेवते, तीच भूमी होडीला किनारा, गाडीला पडवी आणि माणसाला सावली राखून ठेवू शकते.

पाऊस ओसरू लागला की ही छावणी उठते. श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून अर्नाळ्याच्या होड्या पाण्यात उतरतात. वसईच्या ख्रिस्ती गावांत आगेऱ्याच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये अर्पण होतात. आणि दसऱ्यास घरोघरी वाहने धुऊन त्यांना झेंडूचे हार घातले जातात. त्या सकाळी, चार महिने सुती आच्छादनाखाली राहिलेल्या एखाद्या जुन्या मोटारीची चाके ठोकळ्यांवरून पुन्हा भुईला टेकतात, तेव्हा तिच्या धन्याने उचललेला तो सुकलेला ठोकळा पुढच्या वैशाखासाठी त्याच पडवीच्या कोपऱ्यात जपून ठेवावा.